न पोतारलेले घर

सात गावांचे आरोग्य मंडळ सुमारे सहा वर्षे चालले. त्यातली शेवटची तीन वर्षे मी त्याचा चिटणीस होतो. मंडळ का मोडले याची कारणे पुढे वेगवेगळी सांगितली गेली. मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, गेली आणि माणसे ऐकेनाशी झाली, असे काहींचे म्हणणे. सडकेवर सरकारी दवाखाना आला आणि गरज उरली नाही, असे इतरांचे. दोन्ही कारणे चुकीची आहेत. मंडळ एका घराच्या भिंतींवरून मोडले आणि त्यात माझा हात होता.

हा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात, साकोली तहसिलीत होता. सडक अर्जुनीला रायपूरची सडक सोडून जंगलाच्या बाजूला बैलगाडी घातली की ही गावे एकाच नाल्याच्या काठाने एकामागून एक लागत. धानाच्या बांध्या म्हणजे बांध घातलेली शेते, बोड्या म्हणजे लहान तळी, मोहाची झाडे आणि मागे जंगल. स्वातंत्र्याच्या आसपासच्या एका पावसाळ्यात या गावांत हैजा, म्हणजे पटकी, आला. प्रत्येक गावाने शिवेवर बांबू आडवे टाकले आणि शेजारच्या गावाचे माणूस आत येऊ दिले नाही. नाल्याला मात्र बांबू आडवा घालता आला नाही. वरच्या गावाने मेलेल्यांची अंथरुणे पाण्यात धुतली आणि चार दिवसांनी खालच्या गावात माणसे मरू लागली. साथ गेल्यावर सात गावांची माणसे प्रथमच एकत्र बसली. मंडळाचा जन्म तो.

प्रत्येक गावाचा एक माणूस, शिवाय एक सुईण, अशी रचना होती. सातही गावे हो म्हणतील तरच ठराव व्हायचा. बैठक पाळीपाळीने एकेका गावात भरे. येताना प्रत्येक जण आपला लोटा भरून आणी, कारण आरोग्यासाठी एकत्र आलेली ही माणसे एकमेकांच्या हातचे पाणी पीत नव्हती. सुईण पायरीवर बसे. तिचे मत आतून ओरडून विचारले जाई आणि ती बाहेरून ओरडून देई. काम मात्र होई. पावसाळ्याआधी सातही गावांच्या विहिरींत लाल औषध पडे. एका गावात साथ दिसली की दिवस मावळायच्या आत कोतवाल पुढच्या गावात खबर देई. पुढे तीन पावसाळे हैजा आला नाही. तो मंडळामुळे आला नाही असे मी ठामपणे म्हणणार नाही.

मी या भागातला नव्हतो. नागपूरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. ते बंद पडल्यावर मास्तरकी मिळाली आणि शाळेमागची खोली मिळाली. मी एकटा होतो आणि कोणाच्या नात्यात नव्हतो, म्हणून मला चिटणीस केले. अध्यक्ष म्हणाले होते, "गुरुजीले कोनाचा भाऊ नाही, कोनाचा साळा नाही. लिहील तर सरळ लिहील." अध्यक्ष म्हणजे शाळेच्या गावचे जुने मालगुजार. मालगुजारी गेली होती, तरी लोक त्यांना पाटीलच म्हणत. त्यांच्या घरून मला रोज सकाळी दूध येई. संध्याकाळी शाळा सुटली की दुसऱ्या दिवशी ती भरेपर्यंत माझ्याशी बोलायला कोणी नसे. मंडळाची वही मी गरजेपेक्षा जास्त सुबक लिहीत असे.

मालगुजारी गेल्यानंतर एक-दोन वर्षांनी हिवतापाच्या खात्याची माणसे आली. पाठीवर पंप घेऊन त्यांनी घरोघर आतल्या भिंतींवर आणि बाहेर वळचणीखाली डीडीटी फवारली. सुकल्यावर तिचे पांढुरके ओघळ राहत. पहिल्याच आठवड्यात खाटांमधले ढेकूण मेले आणि लोकांना औषध पटले. जाताना इन्स्पेक्टरने मंडळाला एक गोष्ट बजावली. डास भिंतीवर बसतो आणि तिथे मरतो. म्हणून होळीपर्यंत भिंतीवर काही चढवायचे नाही. एक हात मातीचा दिला की औषध खाली गाडले जाईल.

दिवाळी महिन्यावर आली होती. दिवाळीच्या आधी तिकडे प्रत्येक घर पोतारतात. पोतारा म्हणजे पांढरी छुई माती पाण्यात कालवून फडक्याने भिंतीला द्यायची. बायका जंगलाच्या कडेच्या खाणीतून ती माती डोक्यावर आणतात. आतून, बाहेरून, कोठीच्या मागेसुद्धा पोतारतात.

बैठकीत या वर्षी कोणी पोतारा करायचा नाही असा ठराव आला. सातही जणांनी हात वर केले. पायरीवरून सुईण म्हणाली, "पोतारा कोन करते, पाटील? तुमी करता? जनमात एक भीत तरी पोतारली का आपल्या हातानं? मंग ठराव कायचा करून राह्यले?"

"बाई, तू बारंतपनाचं पाह्य," अध्यक्ष म्हणाले. "भिंतीचं आमी पाहून घेतो."

"पाहा मंग. दिवारीले मी बी पाहीन."

सगळे हसले. मी लिहिले : ठराव एकमताने मंजूर.

ठराव घरोघर समजावण्याचे काम माझ्याकडे आले. मी राहत होतो त्या गावापुरते मी ते चार दिवसांत केले. पुरुष मान हलवत. बायका ऐकून घेत आणि आत जात. फक्त एका घरी मला प्रश्न विचारला गेला.

ते घर नाल्याकडच्या टोकाला, गावाचे शेवटचे. तिथे एक बाई आणि तिची सहा वर्षांची मुलगी राहत. नवरा तीन वर्षांपूर्वी ठेकेदाराच्या टोळीबरोबर झरियाकडे कोळशाच्या खाणीत गेला होता. पहिली दीड वर्षे पत्र येई आणि ते मीच वाचून दाखवी. मग पत्र बंद झाले. दोन बांध्या ती स्वतः करी. आधीचा एक मुलगा तिने तापात घालवला होता. मुलीलाही दर पावसाळ्यानंतर थंडीताप येई आणि तिचे पोट पाणथरीने, म्हणजे प्लीहा वाढून, पुढे आलेले होते.

बाईने भिंतीवरच्या ओघळांकडे पाहिले. "हे किती दिवस ठेवाचं जी?"

"होळीपर्यंत."

"यानं पोरीचा ताप जाईल?"

"डास मरतील. मग ताप येणार नाही."

"सारेच ठेवून राह्यले का जी? की मी एकलीच?"

"सगळेच," मी म्हणालो. "सात गावांचा ठराव आहे. एकमताने झालेला."

"मंग मी बी ठेवीन."

ठराव झाला म्हणजे ती गोष्ट घडली असे नव्हे, हा वृत्तपत्राच्या कचेरीत शिकवला जाणारा पहिला धडा. तो मला पाठ होता. त्या दारात उभा असताना मी तो विसरलो. तिने मला का विचारले हेही मी विचारले नाही. तिकडच्या चालीप्रमाणे ज्या घरातले माणूस वर्षभरात वारले तेवढेच घर दिवाळीला पोतारत नाहीत. हे गावातल्या पोरासोरांना ठाऊक होते. मला तीन वर्षांत कोणी सांगितले नव्हते.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात बायका टोपल्या घेऊन मातीच्या खाणीकडे जाऊ लागल्या. कोणी काही बोलले नाही आणि कोणी लपवलेही नाही. नरकचतुर्दशीच्या सकाळी मी गावातून फिरलो. सगळी घरे पांढरी झाली होती. पाटलांच्या घराला तर दोन हात दिले होते आणि दाराच्या दोन्ही बाजूंना गेरूची वेलबुट्टी होती. टोकाचे घर तेवढे जुन्या रंगाचे होते. दार उघडे होते आणि आतल्या भिंतीवरचे ओघळ रस्त्यावरून दिसत होते.

मी आत गेलो नाही. तिने पाहिलेच असेल, आज दिवसभरात पोतारून घेईल, असे मला वाटले. शेवटपर्यंत तिने माझ्या शब्दावर भिंत ठेवली होती; आता तिला ते शक्य नव्हते. घरात छुई माती नव्हती, खाण कोसावर होती, आणि मुलीला सोपवून जाण्यासारखे शेजारी त्या न पोतारलेल्या भिंतीमुळे तिला त्या दिवशी राहिले नव्हते.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तिकडे गायगोधन असते. गुराखी मोरपिसांची ढाल घेतात, डफडे वाजवतात, गावाची गुरे घेऊन निघतात आणि दारोदार नाचतात. घरची बाई त्यांना सुपात धान घालते. गाव लहान असल्याने मीही मागून चाललो होतो. टोकाच्या घराजवळ डफडे थांबले. बाई सूप घेऊन अंगणात उभी होती. मुलीच्या अंगावर धुतलेले परकर-पोलके होते. ढाल पुढे निघून गेली.

"काऊन जी भाऊ?" ती म्हणाली. "आमच्या घरी नाही नाचत का?"

पुढचा म्हातारा गुराखी वळला. त्याला वाईट वाटत होते हे दिसत होते. "या वर्षी नाही जमत, माय. सुतकाचं घर हाये."

"कोन मेलं?"

तो पुढे गेलेल्या ढालीकडे वळला.

"कोनं सांगतलं तुमाले? कोन मेलं, सांगा नं!"

"घराची भीत सांगून राह्यली, माय," तो म्हणाला आणि चालू लागला. घर मागे पडल्यावर डफडे पुन्हा सुरू झाले.

त्या दुपारी ती शाळेत आली. शाळेला सुट्टी होती. मी ओट्यावर बसलो होतो. ती अंगणातच उभी राहिली.

"तुमी त सांगतलं होतं, सारेच."

"ठराव सगळ्यांचा होता," मी म्हणालो.

"ठराव नाही विचारला जी मी. मानसं विचारली होती."

मी म्हणालो, उद्या पोतारून घ्या. मग तिने लहान मुलाला सांगावे तसे मला सांगितले. सुतकाचे घर सुतक फिटल्यावरच पोतारतात. आता पोतारले तर लोक म्हणतील, सुतक होते ते फिटले. नाही पोतारले तर म्हणतील, सुतक आहे. दोन्हीत नवरा मेलेलाच.

ती गेली. त्यानंतर दोन महिने तिच्या दारी सुईणीखेरीज कोणी गेले नाही. कोणी तिला वाईट बोलले असेही नाही. विहिरीवर बायका तिला आधी पाणी भरू देत आणि स्वतः दूर उभ्या राहत. हळदीकुंकवाला तिला बोलावणे आले नाही. सुईण मला एकदा रस्त्यात म्हणाली, "बाबू, जितेपनी सुतक पाह्यलं का कधी? जाऊन पाह्य, टोकावर हाये." मी गेलो नाही. जाऊन काय बोलायचे हे मला ठरवता आले नाही. माझी खोली आणि तिचे घर यांत सारे गाव होते, आणि त्या हिवाळ्यात दोन्हीकडे कोणी जात नव्हते.

कार्तिकात खात्याने मंडळाकडून लेखी अहवाल मागवला. अध्यक्षांनी तोंडी सांगितले, मी वहीत उतरवले : सातही गावांत ठराव पाळला गेला. लिहिताना मी थांबलो होतो. अध्यक्ष म्हणाले, "लिहा नं गुरुजी. औषध बंद झालं त कोनाचं भलं हाये?" त्यात तथ्य होते. बैठकीत जे सांगितले गेले तेच मी लिहीत आहे, अशी मी मनाची समजूत घातली. शेवटी सही केली.

धान मळून झाल्यावर, मार्गशीर्षात, त्या बाईच्या भासऱ्याने, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाने, पंच बसवले. देवळासमोरच्या पारावर सकाळी बैठक झाली. पंचांत मुख्य पाटीलच होते. भासरा दांडगा नव्हता. त्याने शांतपणे मांडले. भाऊ गेला हे तिने स्वतःच मानले आहे, सारे गाव पाहते आहे. तर आता रीतीप्रमाणे तिच्या बांगड्या उतराव्यात, आणि दोन बांध्या त्याच्या नांगराखाली याव्यात.

"मी तिले घराबाहेर काढून नाही राह्यलो," तो म्हणाला. "मह्या भावाची बायको हाये. मायलेकी खातील, राहतील. पन जे हाये ते हाये."

बाई पाराच्या खाली, मुलीला पुढ्यात घेऊन बसली होती. डोक्यावरचा पदर तोंडापर्यंत ओढलेला होता. तिच्या हातांत हिरव्या बांगड्या होत्या. ती म्हणाली, "मी नाही मानलं. मंडळानं सांगतलं, म्हनून नाही पोतारलं. गुरुजीच्या वहीत असल. वही वाचा."

वही माझ्या काखेत होती. पाराकडे येताना अध्यक्षांनी मला बाजूला घेतले होते. "जेवढं लिहिलं हाये तेवढं वाचा," ते म्हणाले होते. "आपल्या मनचं जोडू नका."

मी आधी ठराव वाचला. मग कार्तिकातली नोंद वाचली. सातही गावांत ठराव पाळला गेला.

आधी कोणाच्या लक्षात आले नाही. मग मागून एक जण म्हणाला, "म्हंजे कोनीच नाही पोतारलं? मंग आमच्या भिती का बगळ्यानं हगून पांढऱ्या केल्या?"

पारावर हशा पिकला. पंचही हसले. भासरा हसला नाही. त्याने हात पसरून म्हटले, "पाहा जी. वहीच खोटी. खोट्या वहीनं बाई खरी होईल का?"

बाईने पदराआडून माझ्याकडे पाहिले. मुलगीही पाहत होती.

मी म्हणालो, "नोंद खोटी आहे. मी लिहिली आणि मी सही केली."

"गुरुजी, बसा," अध्यक्ष म्हणाले.

"या गावात ठराव एकाच घराने पाळला. या बाईच्या. बाकी सगळ्या घरांनी पोतारा केला. सगळे पाळणार आहेत, असे यांना मी सांगितले होते. खात्री न करता सांगितले. त्या भिंतीचा यांच्या नवऱ्याशी काही संबंध नाही."

"कोनकोनाच्या घरी पोतारा झाला, सांगा बरं," एका पंचाने विचारले. त्याला बहुधा विषय तिथेच संपवायचा होता.

"तुमच्या घरी झाला," मी म्हणालो. "पाटलांच्या घरी झाला. दोन हात दिले आहेत."

या वेळी कोणी हसले नाही. अध्यक्ष न्यायी माणूस होते, हे इथे नोंदले पाहिजे. त्यांनी इतर पंचांना विचारलेही नाही. "बातमी येतपर्यंत बांगड्या राहतील," ते म्हणाले. "बांध्या बाईच करील. उद्या भीत पोतारली तरी कोनी सुतक नाही म्हनाचं. झालं." मग त्यांनी माझ्या हातातून वही घेतली. "आनि मंडळ बी झालं. खोट्या वहीचं अध्यक्षपन मले नाही पायजे."

वही परत आली नाही. आधी चार गावांनी, मग उरलेल्यांनी माणूस पाठवणे थांबवले. पुढच्या फवारणीच्या वेळी खात्याची माणसे थेट घरोघर गेली, मध्ये मंडळ नव्हते. विहिरींत लाल औषध पडायचे थांबले. पुढे हा मुलूख मुंबई राज्यात गेला आणि आरोग्याची कामे दुसऱ्यांकडे आली, पण तोवर आमचे मंडळ लोक विसरलेही होते. त्या हिवाळ्यात टोकाच्या घरच्या मुलीला ताप आला नाही. एका घरावरून काही सिद्ध होत नाही.

पाटलांकडून येणारे दूध दुसऱ्या दिवसापासून बंद झाले. मुले शाळेत येत राहिली. त्यांचे बाप रस्त्यात राम राम करीत आणि थांबत नसत. सुईणीने एकदा मोहाची फुले आणून दिली. मी बदलीसाठी अर्ज केला होता.

बाईच्या बांगड्या राहिल्या, पण हळदीकुंकवाची बोलावणी सुरू झाली नाहीत. पंचांनी जे दिले ते नावापुरते होते. विहिरीवर तिच्यासाठी जागा मोकळी होतच राहिली.

पावसाळ्याच्या तोंडावर ती मुलीला शाळेत घालायला घेऊन आली. दिवाळीनंतर ती त्या अंगणात प्रथमच येत होती. मी दाखल खारीज रजिस्टर उघडले. मुलीने आपले नाव सांगितले, मग बापाचे. आईने नवऱ्याचे नाव घ्यायची रीत नव्हती. पुढचा रकाना बापाच्या धंद्याचा होता. बाप हयात नसेल तर तिथे तसे लिहायचे असते.

मी लेखणी थांबवली. "पत्र आले का?" मी विचारले.

ती भिंतीकडे पाहत होती. शाळेची भिंत होती, बरीच कळकट.

"खानीत कामावर हायेत," ती म्हणाली. "लिहा जी."

मी लिहिले.